गरम झाली की सेल्फ घेत नाही: हेडर बसवलेल्या जुन्या मसल कारची तपासणी, पायरीपायरीने

जुन्या अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या ताकदवान गाड्या, बाळगणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते, तासभर मजेत पळते, पेट्रोल भरून पुन्हा किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. कधी तेवढंही नाही. अर्ध्यापाऊण तासाने, सगळे वैतागल्यावर, तीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. वाकून पाहिलं तर सेल्फला (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला) जवळजवळ चिकटून हेडरचे, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणारे, नळ गेलेले दिसतात आणि निदान तिथल्या तिथे होतं: हेडरने सेल्फ भाजला. मग नवा सेल्फ येतो, त्यावर उष्णतारोधक ब्लँकेट चढतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तक्रार जिथल्या तिथे.

हेडर दोषी असतो, पण एकटा क्वचितच असतो. पन्नास वर्षं जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज आधीपासून गळत असतं. गार इंजिनावर ते खपून जातं, उष्णता वाढली की खपत नाही. म्हणून मोजमाप केल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका, आणि मोजमाप गाडी गरम असतानाच करा. गार गाडीवर घेतलेले आकडे या रोगात जवळपास निरुपयोगी असतात.

खाली मुख्य उदाहरण शेव्हरोलेच्या व्ही-८ चं घेतलं आहे: शेव्हेल, कॅमेरो, नोव्हा. या गाड्यांत सोलेनॉइड (सेल्फला मोठा प्रवाह जोडून देणारा विद्युतचुंबकी स्विच) सेल्फच्याच पाठीवर बसतो आणि सेल्फ उजव्या बाजूला खाली, बरोबर हेडरच्या वाटेत. फोर्ड आणि मोपार (क्रायस्लर गटाच्या गाड्या) जिथे वेगळ्या वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

उष्णता नेमकं काय करते

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. सोलेनॉइडची कॉइल २० अंशांवरून १२० अंशांवर गेली तर रोध जवळपास ४० टक्क्यांनी वाढला. तेवढ्याच व्होल्टेजला प्रवाह साधारण ७२ टक्क्यांवर आला, आणि चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होत असल्यामुळे ती जवळपास निम्म्यावर. पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे ढकलायचा, स्प्रिंग दाबायची आणि आतली तांब्याची चकती संपर्कावर आपटायची, एवढं काम त्या निम्म्या ओढीत भागवायचं. पूर्ण १२ व्होल्ट मिळाले तर बहुधा भागतं. साडेदहा मिळाले तर भागत नाही.

मूळ गाडीत हेडरच्या जागी बिडाचा जाड मॅनिफोल्ड असायचा, तो सेल्फपासून बराच वर असायचा आणि बऱ्याच गाड्यांत मध्ये पत्र्याची ढालही असायची. हेडर म्हणजे पातळ पत्र्याचे चार लांब नळ, तेही सेल्फला वळसा घालून खाली उतरणारे. हेडर बसवताना ती पत्र्याची ढाल बहुतेक वेळा भंगारात जाते, कारण ती आड येते.

दुसरी गोष्ट वेळेची. इंजिन चालू असताना वारा आणि कूलंट उष्णता वाहून नेत असतात. किल्ली बंद केली की दोन्ही थांबतात, पण तापलेलं लोखंड उष्णता सोडतच राहतं. त्यामुळे बंद केल्यानंतरची पहिली दहा ते वीस मिनिटं सर्वांत वाईट. दोन मिनिटांत पुन्हा सुरू केलेली गाडी सुरू होते आणि पंधरा मिनिटांनी होत नाही, त्यात गूढ काहीच नाही.

आधी कान द्या

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं त्यावर पुढची सगळी तपासणी ठरते. ‘गरम असताना सुरू होत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळे रोग लपलेले असतात.

आवाजच नाही, किंवा अगदी मलूल टक्: सोलेनॉइडपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नाही. कंट्रोल सर्किटकडे, म्हणजे किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या वायरिंगकडे, जा.

एकच ठणठणीत टक्, पण इंजिन हलत नाही: सोलेनॉइडने आपलं काम केलं, पुढे मोठा प्रवाह गेला नाही. आतली चकती आणि संपर्क जळलेले, मुख्य केबल किंवा अर्थिंग खराब, नाहीतर सेल्फच गेलेला. टकटकटक अशी माळ लागली तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघा.

इंजिन फिरतं पण रडत, अडखळत: केबल, अर्थिंग, टायमिंग किंवा पिनियनची जुळणी.

इंजिन मस्त फिरतं, पेटत नाही: सेल्फचा काही संबंध नाही. तो मुद्दा पुढे इंधनाच्या भागात आहे. चांगला फिरणारा सेल्फ केवळ हेडरशेजारी बसला म्हणून बदललेले लोक मी पाहिले आहेत.

गरम चाचणीची तयारी

मल्टिमीटर, लांब वायरी, मगरचिमटे आणि किल्ली फिरवायला एक माणूस एवढं हवं. गाडी सपाट जागी, पुढची बाजू जॅक स्टँडवर, मागच्या चाकांना ओट. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही. गिअर पार्क किंवा न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरच्या वायरी गाडी गार असतानाच टर्मिनलांना जोडून, हेडरला न लागता वर आणून ठेवा, म्हणजे तापलेल्या नळांशेजारी हात घालावा लागत नाही. आता गाडी वीस-तीस मिनिटं खऱ्या रस्त्यावर चालवून आणा. जागेवर उभी ठेवून तापवलेली गाडी रस्त्यावरच्यासारखी तापत नाही. वायरी लावून फिरवायची नसेल तर परतल्यावर लांब दांड्याच्या चिमट्याने जोडा आणि हातमोजे घाला. बॉनेट बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

गाडी चाचणीत सुरू होऊ नये म्हणून इग्निशन तोडून ठेवा: एचईआय (जनरल मोटर्सचा इलेक्ट्रॉनिक) डिस्ट्रिब्युटर असेल तर जाड गुलाबी वायर काढा, जुना पॉइंटवाला (यांत्रिक संपर्काचा) असेल तर कॉइलची प्लस वायर काढून टोक गुंडाळून ठेवा.

मोजमाप

पहिलं, बॅटरी. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, आणि सेल्फने इंजिन फिरत असताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. गेली तर बॅटरी लोड टेस्टला द्या, बाकी तपासणी नंतर. मीटरचं टोक नेहमी बॅटरीच्या शिशाच्या खांबाला टेकवा, क्लॅम्पला नाही. खांब आणि क्लॅम्पमधली पांढरी बुरशी हाच पुष्कळदा रोग असतो, आणि क्लॅम्पला टेकवलं की ती मापात येत नाही.

दुसरं, कंट्रोल सर्किट. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं माप हेच. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं टोक सोलेनॉइडच्या ‘एस’ टर्मिनलला, म्हणजे जांभळी वायर जिथे येते तिथे. आता किल्ली स्टार्टला धरा. दिसणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेलं व्होल्टेज. अर्धा व्होल्ट असेल तर छान. एकाच्या वर गेलं तर तिथेच दुखणं आहे. त्या प्रवाहाची वाट बघा: बॅटरीकडून लाल वायरने फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) कनेक्टरमधून आत, इग्निशन स्विच, ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रल सेफ्टी स्विच (गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ फिरू न देणारा), पुन्हा फायरवॉलमधून बाहेर, आणि मग हेडरशेजारून खाली सोलेनॉइडला. प्रत्येक जोडावर अर्धशतकाची काजळी. सोलेनॉइडने क्षणभर ३० अँपिअर ओढले आणि या सगळ्या वाटेत फक्त ०.०५ ओम जादा असला, तरी दीड व्होल्ट गेले.

तिसरं, मुख्य केबल. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं सेल्फच्या मोठ्या बोल्टला, इंजिन फिरवताना. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवं, आणि खरं तर ०.२ च्या आसपास आलं तरच मला समाधान वाटतं. तयार मिळणाऱ्या स्वस्त केबली बहुतेक ४ गेजच्या असतात (गेजचा आकडा जितका लहान तितकी केबल जाड). मोठं व्ही-८ गरम असताना २५० अँपिअर सहज खातं. दीड मीटर ४ गेज केबलमध्ये एवढ्याने सुमारे ०.३ व्होल्ट जातात, २ गेजमध्ये ०.२. बॅटरी डिकीत हलवलेली असेल तर अंतर तिपटीचौपटीने वाढतं, म्हणून तिथे शून्य गेजचीच केबल घाला.

चौथं, सोलेनॉइडचे संपर्क. मोठा बोल्ट आणि सेल्फच्या मोटरकडे जाणारी पट्टी यांच्यामध्ये, इंजिन फिरवताना. ०.३ च्या वर गेलं तर चकती जळली आहे. जुन्या डेल्को-रेमीच्या सोलेनॉइडची टोपी उघडते, चकती उलटी फिरवून बसवता येते. जुन्या फिटरांची ही युक्ती आजही चालते.

पाचवं, अर्थिंग. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरं सेल्फच्या उघड्या लोखंडी अंगाला. ०.२ ते ०.३ पर्यंत चालेल. रिस्टोअर केलेल्या देखण्या गाड्या इथे नापास होतात, कारण ब्लॉकवर, ब्रॅकेटवर, बोल्टखाली सगळीकडे सुंदर रंग असतो आणि रंगातून वीज जात नाही. मायनस केबल थेट ब्लॉकला लावा, जागा घासून चकचकीत करा, आणि इंजिन ते बॉडी अशी वेगळी पट्टी द्या.

कंट्रोल सर्किटचा इलाज: रिले

एस टर्मिनलला व्होल्टेज कमी मिळतंय हे सिद्ध झालं तर सगळी वायरिंग उसवायची गरज नाही. ४० अँपिअरचा चांगला रिले घ्या आणि हेडरपासून लांब, आतल्या फेंडरवर बसवा. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसकडून १० गेजची वायर, तिला १४ गेजची फ्युझिबल लिंक (प्रवाह जास्त झाला की वितळणारा वायरचा तुकडा). ८७ नंबरवरून तशीच जाड वायर एस टर्मिनलला. जुनी जांभळी वायर ८६ ला, ८५ अर्थला. आता किल्लीच्या वाटेने जेमतेम रिले ओढण्यापुरता प्रवाह जातो आणि सोलेनॉइडला जवळपास सगळं बॅटरी व्होल्टेज मिळतं. खर्च नव्या सेल्फच्या तुलनेत किरकोळ. न्यूट्रल सेफ्टी स्विच या जोडणीतही कामात राहतो, आणि तो राहायलाच हवा.

बरेच लोक याऐवजी फोर्डचा फेंडरवर बसणारा सोलेनॉइड शेव्हरोलेला लावतात आणि सेल्फवर मोठा बोल्ट व एस टर्मिनल यांत पट्टी टाकून देतात. जुन्या मूळ सेल्फवर हे व्यवस्थित चालतं. पण कायम चुंबकाच्या नव्या मिनी सेल्फवर ही पट्टी टाकू नका. किल्ली सोडल्यावरही फिरणारी मोटर स्वतःच वीज तयार करते, ती पट्टीतून सोलेनॉइडला मिळत राहते आणि पिनियन क्षणभर फ्लायव्हीलला अडकून राहतो. दात जाण्याचा हा उत्तम मार्ग. मिनी सेल्फ असेल तर वरचा रिलेच वापरा.

फोर्डमध्ये सोलेनॉइड मुळातच फेंडरवर असल्याने तो भाजत नाही. तिथे गरम तक्रार बहुधा इंजिन रडत फिरण्याची असते, म्हणजे केबल आणि अर्थिंग. मोपारमध्ये स्टार्टर रिले कारखान्यातूनच येतो, सेल्फ डाव्या बाजूला असतो, आणि फायरवॉलचा कनेक्टर हे त्या गाड्यांचं जुनं दुखणं. रिले अर्थ होतो गिअरबॉक्सवरच्या स्विचमधून, तोही बघायला विसरू नका.

फिरतं, पण अडखळत

केबल, अर्थिंग ठीक निघाली तर टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेवर, संशय घ्या. इग्निशन तोडून गरम इंजिन फिरवा आणि मग इग्निशन जोडून फिरवा. तोडल्यावर छान फिरतंय आणि जोडल्यावर मध्येच उलटा धक्का बसतोय, म्हणजे ठिणगी फार लवकर पडते आणि पिस्टन वर येण्याआधीच स्फोट त्याला मागे ढकलतो. एकूण ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) ३४ ते ३६ अंश ठेवून सुरुवातीचं कमी करायचं असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या वजनांची मर्यादा बदलावी लागते. नुसता डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला तर एकूण ॲडव्हान्सही कमी होतं, एक्झॉस्ट जास्त तापतो, हेडर आणखी लाल, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत. टायमिंग लाइटवर विश्वास ठेवण्याआधी बॅलन्सर (इंजिनाच्या पुढच्या टोकाचं, टायमिंगची खूण असलेलं चाक) तपासा: त्याची बाहेरची कडी रबरावर बसलेली असते, जुन्या रबरावर ती सरकते आणि खूण खोटं बोलते. पिस्टन स्टॉप लावून खरं टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची जागा) काढा.

जुळणीबद्दल थोडक्यात. पिनियनचा दात आणि फ्लायव्हीलच्या दाताचा तळ यांत साधारण अर्धा मिलिमीटर फट हवी. कमी असेल तर गरम झाल्यावर सेल्फ आवळतो, म्हणून शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला. सेल्फच्या पुढच्या टोकाची आधारपट्टी हेडर बसवताना काढून टाकलेली असेल तर ती परत लावा. तिच्याशिवाय ब्लॉकचा कान तुटलेला पाहिला आहे, आणि ती दुरुस्ती सेल्फच्या किमतीत होत नाही.

छान फिरतं, पण पेटत नाही

इथे बहुतेक वेळा कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळलेलं असतं. अमेरिकेतल्या आजच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, आणि ते १९७० च्या पेट्रोलपेक्षा लवकर वाफाळतं. अमेरिकेत उन्हाळी पेट्रोलचे वाफेच्या दाबाचे नियम पंपांवर १ जून ते १५ सप्टेंबर लागू असतात. त्याच्या अलीकडे-पलीकडे हिवाळी, जास्त उडणारं पेट्रोल टाकीत असू शकतं. म्हणून एप्रिल किंवा ऑक्टोबरमधल्या एखाद्या अवचित गरम दिवशी हा त्रास भर ऑगस्टपेक्षा जास्त जाणवतो.

गाडी बंद करून दहा मिनिटांनी एअर क्लीनर काढा, टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा. आसपास सिगारेट, ठिणगी काही नको, अग्निशामक हाताशी. बूस्टरमधून (घशातल्या पेट्रोलच्या तोटीतून) थेंब पडताना दिसले, पेट्रोलचा वास भपकन आला, तर इंजिन ओव्हरफ्लो झालं आहे. उलट, थ्रॉटल हाताने दाबल्यावर ॲक्सिलरेटर पंपाची धार येत नसेल तर बाउल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) कोरडा पडला आहे, पेट्रोल उडून गेलं आहे. इलाज बरेचसे सारखे, पण तात्पुरती सुटका वेगळी. ओव्हरफ्लो असेल तर ॲक्सिलरेटर तळाला दाबून, पंप न करता, सेल्फ मारा. बाउल कोरडा असेल तर पंप तो भरेपर्यंत इंजिन फिरवत राहा, पण एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको. सेल्फला मध्ये विसावा द्या, नाहीतर इंधनाचा रोग सेल्फला लागतो.

कायमचा उपाय करताना आधी पाइप बघा. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी हेडरवरून गेली असेल तर ती हलवा. पंप आणि कार्बोरेटर यांच्यात अडकलेलं पेट्रोल तापून फुगतं आणि फ्लोटची सुई ढकलून आत घुसतं. त्यावर तीन तोंडांचा फिल्टर आणि टाकीकडे परतीची नळी हा माझा आवडता इलाज. ती तिसरी तोटी वरच्या बाजूला येईल असा फिल्टर बसवा, वाफ वरूनच निघते. मग कार्बोरेटरखाली फेनॉलिकचा (उष्णता कमी वाहणाऱ्या प्लास्टिकचा) अर्धा किंवा एक इंची स्पेसर, बॉनेटला लागत नाही ना ते बघून. फ्लोटची पातळी आणि दाब तपासा, एडलब्रॉक पद्धतीच्या कार्बोरेटरला सहा पीएसआयच्या वर देऊ नका.

इनटेकखालची एक्झॉस्टची आडवी वाट बंद करणारी गॅस्केट मिळते आणि तिने फरकही खूप पडतो. मात्र चोकची स्प्रिंग त्याच वाटेच्या उष्णतेवर उघडणारी असेल तर चोक उघडायचाच नाही. आधी इलेक्ट्रिक चोक लावा, मग गॅस्केट.

खंडाळ्याच्या घाटात ॲम्बॅसिडर किंवा फियाटच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वेपर लॉक (वाफेमुळे पेट्रोलचा पुरवठा अडणं) समजावून सांगायला नको. ते फडकं शेव्हरोलेच्या मेकॅनिकल पंपावरही चालतं. फक्त शेजारच्या हेडरवर पाणी उडवू नका.

पेट्रोल ठीक निघालं तर ठिणगी. एचईआयचं मॉड्युल गरम झाल्यावर मरतं आणि गार झाल्यावर जिवंत होतं. मॉड्युलखाली उष्णतावाहक पेस्ट लावलीच नसेल तर जास्तच.

ढाल, गुंडाळी आणि नवा सेल्फ

उष्णता अडवण्याचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. सगळी मापं बरोबर आल्यावर त्याचा खरा उपयोग होतो. पत्र्याची ढाल सर्वांत स्वस्त, आणि दोन्ही बाजूंना हवेची फट ठेवली तर सर्वांत गुणकारी. सेल्फवरचं ब्लँकेट छोट्या फेरीत वाचवतं, लांबच्या प्रवासात तीच उष्णता आत धरून ठेवतं. ते टर्मिनलांना घासू देऊ नका. हेडरवरची पट्टीची गुंडाळी बॉनेटखालची उष्णता कमी करते, पण ओल धरते आणि साध्या पोलादाचे नळ पट्टीखाली कुजवते. गुंडाळलेल्या नळांची वॉरंटी अनेक कंपन्या नाकारतात. पैसे घालायचेच असतील तर सिरॅमिक कोटिंगमध्ये घाला.

मिनी सेल्फ खरंच चांगली चीज आहे: आत गिअर असल्याने प्रवाह कमी घेतो, लहान असल्याने हेडरपासून दूर राहतो, आणि बहुतेकांचं तोंड फिरवून बसवता येतं. घेण्याआधी फ्लायव्हील १५३ दातांचं की १६८ दातांचं ते मोजा. आणि पॉइंट असलेल्या गाडीत एक गोष्ट लक्षात ठेवा: जुन्या सोलेनॉइडवर ‘आर’ नावाचं दुसरं छोटं टर्मिनल असतं, जे फिरवताना बॅलास्ट रेझिस्टर (एरवी कॉइलचं व्होल्टेज कमी ठेवणारा रोध) वगळून कॉइलला पूर्ण बॅटरी व्होल्टेज देतं. बऱ्याच मिनी सेल्फवर ते नसतं. मग सेल्फ झकास फिरतो आणि ठिणगी मलूल पडते. एस टर्मिनलवरून कॉइलच्या प्लसकडे डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) वायर दिली की काम होतं. डायोडची दिशा कॉइलकडे, उलट लावला तर ठिणगीला मदत मिळणारच नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांच्या मोठ्या मेळाव्याला) जायचा विचार असेल, आणि त्या भागात गाड्यांच्या कंपन्यांत नोकरी करणारी आपली बरीच मंडळी जातातच, तर हे सगळं महिनाभर आधी उरका. तिथली मुंगीच्या पावलांची रांग म्हणजे गरम चाचणीच. जाताना मीटर, सुटा रिले आणि पक्कड डिकीत टाका. गाडी अडलीच तर बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबा. सेल्फखाली वाकून स्क्रू ड्रायव्हरने टर्मिनल जोडायचा मोह टाळा: तशाने न्यूट्रल सेफ्टी स्विच वगळला जातो आणि गिअरमध्ये राहिलेली गाडी थेट पुढे सरकते.